जुन्या जीपचं वॉबलिंग डॅम्पर बदलूनही परत येतं, तेव्हा काय बघायचं

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, घेणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकतोय. घेताना गाडी सरळ चालली. घरी आणली, शेतात फिरवली, सगळं ठीक. मग एक दिवस कोल्हापूरला जायला पुणे-बंगळूर हायवेवर काढली, साठच्या आसपास वेग धरला, पुलाचा जोड किंवा छोटा खड्डा लागला आणि स्टेअरिंग दोन्ही हातांतून सुटेल इतक्या जोरात डावी-उजवीकडे लटलटायला लागलं. पुढची दोन्ही चाकं फडफडताहेत, बॉनेट हलतंय, बाजूला बसलेला माणूस दाराला धरून बसलाय. वेग बराच खाली आला तेव्हा कुठे थांबलं.

गॅरेजमध्ये नेलं की स्टेअरिंगचे झटके शोषणारा नवा डॅम्पर पडतो, चाकं बॅलन्स होतात, अलाइनमेंट होते. गाडी शांत. एक पावसाळा गेला की पुन्हा तेच.

हे थांबतं, आणि खर्चही फार नसतो. फक्त कारण शोधायचा क्रम चुकवायचा नाही. गाडी घ्यायच्या आधी हाच क्रम लावला, तर तिनं आधीच्या मालकाकडे कसे दिवस काढलेत तेही कळतं. म्हणून हे लिहिणं दोघांसाठी आहे: जे गाडी बघायला निघालेत ते, आणि ज्यांच्या अंगणात थरथरणारी जीप उभी आहे ते.

आधी खात्री करा की हे वॉबलिंगच आहे

सगळ्या थरथरीला लोक वॉबलिंग म्हणतात आणि तिथंच पैसे वाया जायला सुरुवात होते. सत्तर-ऐंशीला बारीक कंप सुरू होतो आणि वेग वाढवला की कमी होतो, तर ते बहुतेक टायर बॅलन्सिंगचं किंवा वाकड्या रिमचं काम आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं, तर ड्रम किंवा डिस्क बघा. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून वळवताना गाडी अडखळते आणि झटके देते, तर त्यात बिघाड काहीच नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा सेंटर डिफरन्शियल नसलेली गाडी कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये चालवायचीच नसते. फोर बाय फोरचा लिव्हर लाल मातीसाठी, चिखलासाठी आणि ओढ्यासाठी आहे.

खरं वॉबलिंग वेगळं. ते एखाद्या धक्क्यानं पेटतं, आपोआप वाढत जातं, आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. हातगाडीचं पुढचं फिरतं चाक जोरात ढकलल्यावर जसं फडफडतं, तसाच हा प्रकार. चाकाला सरळ ठेवणारी ओढ असते, पण सांध्यात ढिलाई असली की चाक सरळ येताना मधोमध थांबत नाही, पलीकडे जातं. मग उलटं. प्रत्येक फेरीला गाडीचा वेग त्यात ताकद भरत राहतो.

हे मुख्यतः पुढे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, असलेल्या गाड्यांचं दुखणं. आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणाऱ्या महिंद्राच्या एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, क्लासिक आणि मारुतीची जिप्सी या सगळ्या त्यात येतात. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही पुढे अखंड ॲक्सलच आहे, पण पाट्यांऐवजी (पट्ट्यांच्या स्प्रिंगऐवजी) कॉइल स्प्रिंग, त्यामुळे तिच्यात ॲक्सलला आडवा धरणारा ट्रॅक बार आणि त्याचे बुश (सांध्यातले रबर) आधी बघायचे. २०१० ची सीआरडीई थार निराळी. तिला पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होतात. तिचं स्टेअरिंग थरथरलं तर बॉल जॉइंट, आर्मचे बुश आणि टाय रॉडचे टोक बघा. चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनबद्दल खाली लिहिलंय ते तिला लागू नाही.

चालवताना वॉबलिंग सुरू झालं तर ब्रेकवर पाय आपटू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग घट्ट धरा पण त्याच्याशी झटापट करू नका, वेग उतरू द्या, बाजूला घ्या.

डॅम्पर काय करतो

स्टेअरिंग डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉक ॲब्झॉर्बर. खड्ड्याचा झटका हातापर्यंत येऊ नये एवढंच त्याचं काम. सांधे ढिले असतील तर तो काही महिने ती थरथर गिळतो, नंतर स्वतः दमतो. तोवर ढिलाई वाढलेली असते, आणि पुढचं वॉबलिंग आधीपेक्षा वाईट येतं.

म्हणून माझा नियम स्पष्ट आहे. विकायला उभ्या असलेल्या जुन्या गाडीखाली वाकून बघितलं आणि बाकी सगळं धुळीनं माखलेलं असताना डॅम्पर तेवढा चकचकीत नवा दिसला, तर ही गाडी थरथरत होती असं धरून चालायचं. मालकाला राग येऊ न देता विचारा, पण तपासल्याशिवाय इसार देऊ नका. काही गाड्यांना दोन-दोन डॅम्पर लावलेले दिसतात. त्याचा अर्थही तोच.

जमलं तर डॅम्परचं एक टोक सोडून, रिकाम्या सरळ रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत गाडी चालवून बघा. धडधाकट जीप डॅम्परशिवायही सरळ चालते. चाळीसलाच हलायला लागली तर पुढे जाऊ नका, उत्तर मिळालेलं आहे.

तपासणीचा क्रम

आधी गाडी धुवा, आणि रिमची आतली बाजू खरवडून धुवा. चिकोडी-अथणीकडची काळी माती रिमच्या आत चिकटून वाळली की दगडासारखी बसते आणि चाक एका बाजूला जड होतं. उसाच्या फडातून आलेल्या गाडीची अर्धी थरथर नुसत्या पाण्यानं गेलेली बघितली आहे. मग हवा चारही चाकांत कंपनीनं सांगितल्याप्रमाणे भरा आणि पुढची चाकं मागे, मागची पुढे टाका. थरथरीचा वेग किंवा जोर बदलला तर टायर-रिममध्ये दोष आहे. काहीच बदललं नाही तर टायरवरचा संशय मिटला. यात पैसा लागत नाही.

टायरवर हातही फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडलाय. पृष्ठभागावर ठरावीक अंतरानं खोलगट ठिपके पडले असतील तर सांधे किंवा शॉक बरेच दिवस ढिले आहेत. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर दहा वर्षांचा, असं असेल तर ती गाडी उभी राहिलेली आहे, आणि उभ्या राहिलेल्या गाडीचे सील वाळलेले असतात.

पुढची पायरी सगळ्यात कामाची आणि नेमकी हीच वगळली जाते. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर. एकानं आत बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, सारखं हलवत राहायचं. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्यानं खाली बघायचं आणि एकेका सांध्यावर हात ठेवायचा. स्टेअरिंग बॉक्सपासून सुरुवात करा. बॉक्स चासीवर हलतोय का? बोल्टच्या भोवती चासीला तडा आहे का? मग बॉक्समधून निघालेला पिटमन आर्म, त्याला चाकाकडे जोडणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन टोकं, दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या टाय रॉडची दोन टोकं. एका बाजूचा रॉड हलला आणि दुसरी बाजू क्षणभर उशिरा हलली, की तो सांधा गेला. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना कळते.

स्टेअरिंग बॉक्सवर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. ढिलाई दिसली की तो आवळायची सवय अनेकांना आहे. जास्त आवळला तर स्टेअरिंग मधल्या जागी जड होतं, वळल्यावर आपोआप सरळ येत नाही, आणि आतले दाते खराब होतात. बाहेरचे सगळे सांधे ठीक असल्याशिवाय त्या स्क्रूला पाना लावू नका.

आता चाक उचला. मागच्या चाकांना दगड लावा, ॲक्सलखाली जॅक आणि त्यासोबत पक्का स्टँड किंवा लाकडाचा ठोकळा. नुसत्या जॅकवर कुणीही खाली जायचं नाही. चाक वर आणि खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही तशीच राहिली तर किंगपिन. ब्रेकनं चाक आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो किंगपिनवर वळणारा भाग) एक होतात, मग उरते ती फक्त नकल आणि ॲक्सल यांच्यामधली ढिलाई, इतकं सोपं आहे. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथं हललं आणि बारा-सहाला नाही, तर टाय रॉडची टोकं.

किंगपिन आणि पाण्याचा संबंध

चाक डावी-उजवीकडे ज्या खुंटीवर वळतं ती किंगपिन. जिप्सीत आणि जुन्या जीपमध्ये तिच्या वर एक आणि खाली एक टेपर बेअरिंग असतं. त्यांच्यावर किती दाब असावा हे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, ठरवतात. हा दाबच वॉबलिंग रोखतो. तो गेला की डॅम्पर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट यातलं काहीच टिकत नाही.

आपल्या भागात हे बेअरिंग लवकर का जातं ते खानापूर तालुक्यात राहणाऱ्याला सांगायला नको. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळाभर ओढे वाहतात, आणि फोर बाय फोर घेतली की ती ओढ्यात घालायचीच असते. ॲक्सलच्या टोकाच्या गोल पाठीवर पुसत फिरणारा नकलचा सील असतो. ती गोल पाठ गंजून खरबरीत झाली की सील फाटतो आणि लाल पाणी आत जातं. ग्रीस पाण्यात मिसळून पांढुरकं होतं. खालच्या बेअरिंगला ते आधी लागतं, म्हणून तेच आधी गंजतं. गाडी उन्हाळ्यात विकायला येते तेव्हा बाहेरून नवं ग्रीस चोपडलेलं असतं.

म्हणून त्या गोल पाठीवरचं ग्रीस फडक्यानं पुसा आणि खालचा पत्रा नखानं बघा. खड्डे पडले असतील तर नुसता सील बदलून भागणार नाही. नकलच्या खालच्या बाजूला पातळ, गिअर ऑइलचा वास असलेलं काही ठिबकत असेल तर आतला ॲक्सल सील गेलाय, डिफचं (ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचं) तेल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करतंय. डिफच्या प्लगमधून थोडं तेल काढून दाखवायला सांगा. दुधाळ निघालं तर पाणी तिथंही पोचलंय.

पाटे, शॅकल आणि उंच केलेल्या गाड्या

लांब स्क्रूड्रायव्हर किंवा पहार घेऊन पाट्याच्या टोकाचे बुश हलवून बघा. रबर चिरलेलं असेल तर ॲक्सलच पुढे-मागे सरकतो. पाटा ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या खाली लोखंड घासून चमकत असेल किंवा गंजाची ओली रेघ दिसत असेल तर बोल्ट ढिले आहेत. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा मागे गेलेलं असतं. दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर टेपनं मोजलं की लगेच कळतं.

उंच केलेली गाडी तरुण पोरांना आवडते, आणि वॉबलिंगच्या तक्रारी तिथूनच जास्त येतात. किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं. त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. तोच चाकाला सरळ ठेवतो. शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) पाट्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या जीपला लांब शॅकल लावले की ॲक्सल पुढे लोळतो आणि कॅस्टर कमी होतो. वर रुंद टायर आणि चाक बाहेर ढकलणारे स्पेसर आले की चाक किंगपिनपासून लांब जातं आणि प्रत्येक खड्डा त्या बेअरिंगवर हातोड्यासारखा बसतो. अशी गाडी घ्यायची असेल तर मूळ शॅकल आणि मूळ मापाचे टायर यांचा खर्च किमतीतून आधी वजा करा.

अलाइनमेंटच्या दुकानातून निघताना छापलेला कागद मागून घ्या. त्यात टोच्या जोडीला कॅस्टरचा आकडाही असतो, डावीकडचा आणि उजवीकडचा. अखंड ॲक्सलला दुकानात फक्त टो जुळवता येतो. कॅस्टर सुधारायचा तर पाट्याखाली पाचर बसवावी लागते. "अलाइनमेंट केली तरी हलतंय" म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी तो कागद वाचलेलाच नसतो.

गाडी घ्यायची असेल तर बाकीचं

इंजिन थंड असताना बघायला जा. येतोय असं आधी कळवलं तरी इंजिन चालू करू नका, असं सांगा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थांबा, चहा घ्या, थंड होऊ द्या. डिझेल इंजिन चालू झाल्यावर ऑइलचं झाकण ढिलं करा. थोडी वाफ चालेल, पण धूर भसाभसा आणि झाकण उडेल इतक्या दाबानं येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा. रेडिएटर मात्र इंजिन चालू करायच्या आधी, थंड असतानाच उघडायचा. मग चढावर, वरच्या गिअरमध्ये, माणसं बसवून ओढून बघा.

फोर बाय फोर डांबरावर तपासू नका. शेतात किंवा खडीवर न्या, लिव्हर हाय आणि लो दोन्हीकडे टाका, दबावाखाली लिव्हर उडून परत येतो का बघा. पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे फ्री व्हील हब असतील तर ते हातानं फिरवून लॉक होतात का बघा. अनेक गाड्यांत ते वर्षानुवर्षं फिरवलेलेच नसतात.

चासीला ताजा काळा रंग दिसला तर शॅकलच्या हँगरजवळ आणि स्टेअरिंग बॉक्सजवळ स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. टाय रॉडवर वेल्डिंग दिसलं तर ती गाडी चालवून घरी नेऊ नका. उद्यमबागच्या लेथवर काय हवं ते करून मिळतं, हे आपल्या बेळगावचं मोठं बळ आहे, पण स्टेअरिंगचा रॉड वेल्ड करून वापरायची गोष्ट नाही, नवाच घ्यायचा.

बेळगावात लष्कराची छावणी असल्यामुळे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "आर्मीची गाडी हाय, बघायची गरजच न्हाई." लिलावातल्या गाड्या चांगल्या निघतातही, पण लिलावाचा कागद आणि त्यानंतर झालेली नोंदणी हातात घेतल्याशिवाय त्या वाक्याला किंमत देऊ नका.

कागदपत्रांत सीमाभागाचा स्वतःचा त्रास आहे. केए २२ बेळगावची, केए २३ चिकोडीची. पण स्वस्त गाडी बघायला माणूस कोल्हापूरच्या एमएच ०९ किंवा सिंधुदुर्गच्या एमएच ०७ कडे जातो. परराज्यातली गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत) म्हणजे फॉर्म २८, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज असेल तर त्याची नोंद काढायचा फॉर्म ३५. गाडी १२ महिन्यांहून जास्त इथं ठेवणार असाल तर कर्नाटकचा नंबर आणि इथला रस्ता कर चुकत नाही, तो हिशोब भाव ठरवतानाच धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. इंजिन बदललेल्या जीप आपल्याकडे खूप आहेत. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, झेरॉक्सवर भिस्त ठेवू नका.

गाडी आधीच घेतली असेल तर

दुरुस्ती या क्रमानं करा: टायर-रिममध्ये दोष सापडला असेल तर तो, मग चाकाची बेअरिंग, मग किंगपिनची बेअरिंग आणि सील दोन्ही बाजूंचे एकदम, मग टाय रॉड आणि ड्रॅग लिंकची टोकं, मग पाट्यांचे बुश आणि यू बोल्ट. अलाइनमेंट या सगळ्यानंतर, आणि डॅम्पर सगळ्यात शेवटी. बेअरिंग आणि सीलचा खर्च चार नव्या टायरपुढे काहीच नाही, तरी लोक काही न तपासता आधी नवे टायर घेतात.

किंगपिन बसवताना मेस्त्रीजवळ उभे राहा. जुने शिम मोजून ठेवले का, दोन्ही बाजूंचे वेगळे ठेवले का ते बघा. नवं बेअरिंग टाकून जुनेच शिम तसेच बसवले तर दाब बरोबर येईलच असं नाही. टाय रॉड सुटा असताना नकलला स्प्रिंग काटा लावून ती हलायला किती किलोचा जोर लागतो ते मोजतात, आणि तो आकडा गाडीच्या मॅन्युअलशी जुळवतात. काटा नसलेला मेस्त्री हातानं अंदाज घेतो. अनुभवी असेल तर चालतं, पण नकल स्वतःच्या वजनानं सहज लोंबकळत फिरत असेल तर शिम कमी करायला सांगा.

काम झाल्यावर आधी डॅम्पर न लावता रिकाम्या रस्त्यावर चालवून बघा. शांत चालली तर मग डॅम्पर लावा. थोडे किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा आवळा, नवे पाटे आणि बुश बसले की ते हमखास ढिले होतात. आणि ओढ्यातून गाडी काढली असेल तर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी, नकलचं ग्रीस थोडं काढून त्याचा रंग बघा.